पाण्यातलं फ्लोराइड : आधी बैलांना कळलं

फ्लोराइड हा खडकातून पाण्यात उतरणारा क्षार. त्याला ना रंग, ना वास.

१९३०च्या सुमारास नेल्लोर भागात नांगराचे बैल सांधे आखडून चालेनासे झाले. १९३७ साली डॉक्टरांनी तोच आजार माणसांत नोंदवला. दोष विहिरीच्या पाण्याचा निघाला. १९७०च्या दशकात नागपूरच्या नीरी संस्थेनं तुरटी-चुन्याची नळगोंडा पद्धत काढली.

शेजारच्या यवतमाळातही हा त्रास आहे. म्हणून बोअरचं पाणी पिण्याआधी ग्रामपंचायतीमार्फत तपासून घ्या. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असेल तर ते पिऊ नका. उकळून ते जात नाही. तुरटी-चुना अंदाजानं टाकू नका. प्रमाण तपासणीवरूनच ठरतं. डाग पडलेले दात अन् आखडलेली हाडं मग सुधारत नाहीत.