दाखला कुणाच्या हातात? पोलादी सांगाडे उभारणाऱ्यांचा इतिहास आणि आपण

एमआयडीसीत नवी शेड उभी राहते तेव्हा कैच्या वर चढवणाऱ्यांत आपल्या वस्तीतली पोरं असतात. कुणी खांबावर बसून नटबोल्ट आवळतो, कुणी वेल्डिंगच्या ठिणग्यांनी मनगटं भाजून घेतो. गेटवरच्या फलकावर नाव मात्र ठेकेदाराचं. आता मोठ्या कंपन्या 'सर्टिफाइड' फॅब्रिकेटर आणि 'सर्टिफाइड' वेल्डर मागू लागल्यापासून आमच्या कार्यकर्त्यांत दोन तट पडले आहेत. काही म्हणतात, बरं झालं, आता हाताची परीक्षा होईल, आडनाव कुणी विचारणार नाही. काहींना हा नवा सापळा वाटतो. आम्हाला दोन्ही मतं अर्धी वाटतात, आणि त्याचं कारण अमेरिकेच्या इतिहासात आहे. पोलादी सांगाड्यांच्या इमारती तिथे शंभर वर्षांहून जुन्या आहेत, आणि दाखल्याचं भांडणही जुनं.

आधी एक भ्रम दूर करू. मोहॉक आदिवासींना उंचीची भीती नसते, पोलादाचं काम त्यांच्या रक्तातच आहे, असं तिकडे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. खरी गोष्ट साधी आहे. 1886 च्या सुमारास कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवरचा रेल्वे पूल त्यांच्या काह्नवाके वस्तीच्या जमिनीला टेकत होता. त्या निमित्ताने त्यांना कामावर घेतलं गेलं, ते शिकले आणि त्यांनी पुढच्या पोरांना शिकवलं. 29 ऑगस्ट 1907 ला क्वेबेकचा पूल बांधता बांधता कोसळला. 75 कामगार मेले, त्यातले 33 या एका वस्तीतले. चूक आराखड्याची आणि वजनाच्या हिशोबाची होती, वर चढलेल्यांची नव्हती. दार उघडलं म्हणून कौशल्य आलं, रक्तातून आलं नाही. 'हे काम अमक्याच्या रक्तात असतं' हे वाक्य आपण कुठे ऐकलंय, हे वाचकांना सांगायला नको.

आता ज्यांच्यासाठी दार बंद होतं त्यांच्याकडे वळू. फिलाडेल्फिया शहरात सुमारे तीस टक्के वस्ती अश्वेत. पण 1969 मध्ये तिथल्या पोलाद उभारणी, प्लंबिंग, वीज, लिफ्ट अशा कुशल धंद्यांच्या युनियनमध्ये त्यांचं प्रमाण एक-दीड टक्क्याच्या आसपास. कायद्याने बंदी नव्हती, 1964 चा नागरी हक्क कायदा येऊन पाच वर्षं झाली होती. मग अडवत कोण होतं? शिकाऊ उमेदवारी. तिला वयाची अट, शाळेचा दाखला, लेखी चाचणी आणि शेवटी तोंडी मुलाखत. मुलाखत घेणारे युनियनचे जुने लोक. त्यांच्या ओळखीचा नसेल तर गुण कमी. न्यू ऑर्लिन्समधल्या एका युनियनचा नियम तर उघडच होता: नवा सदस्य हा जुन्या सदस्याचा मुलगा किंवा घरात वाढलेला जवळचा नातेवाईक असला पाहिजे. बापाचा धंदा मुलाला. याला आपल्याकडे काय म्हणतात? तिथल्या कोर्टाने 1969 मध्ये तो नियम मोडून काढला.

ठेकेदार म्हणायचे, आम्ही काय करणार, युनियन पाठवील तीच माणसं घ्यावी लागतात. युनियन म्हणायची, आमच्याकडे दाखला असलेलेच येतात. दाखला देणारेही तेच.

1963 मध्ये फिलाडेल्फियात शाळेच्या बांधकामावर धरणं झालं. 1969 च्या उन्हाळ्यात शिकागो आणि पोलादनगरी पिट्सबर्गमध्ये अश्वेत तरुणांनी बांधकामं बंद पाडली. त्याच वर्षी मजूर खात्याचे साहाय्यक सचिव आर्थर फ्लेचर, जे स्वतः अश्वेत होते, त्यांनी सुधारित 'फिलाडेल्फिया योजना' जाहीर केली. पाच लाख डॉलरपेक्षा मोठ्या सरकारी मदतीच्या कामावर ठेकेदाराने अल्पसंख्य कामगारांचं लक्ष्य लिहून द्यायचं. पोलाद उभारणीत 1970 साली 5 ते 9 टक्के, आणि 1973 पर्यंत 22 ते 26 टक्के. ठेकेदार कोर्टात गेले आणि 1971 मध्ये हरले. निक्सन सरकारचा हेतू शुद्ध नव्हता, कामगार चळवळ आणि अश्वेत चळवळ यांच्यात भांडण लागावं हाही त्यात होता, हे आम्ही लपवत नाही. निक्सनने पुढे न्यूयॉर्कच्या बांधकाम युनियनच्या पीटर ब्रेनन यांनाच मजूरमंत्री केलं, आणि योजनेची धार गेली.

1971 चाच आणखी एक निकाल प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असावा. नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक पॉवर कंपनीच्या वीजकेंद्रात अश्वेतांना फक्त 'लेबर' विभाग, म्हणजे मुख्यतः झाडलोट. भेदभावबंदी लागू झाली त्याच दिवसापासून कंपनीने चांगल्या जागांसाठी बुद्धिमापन चाचण्या लावल्या. विली ग्रिग्ज आणि त्यांचे सहकारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. न्यायालयाने एकमताने सांगितलं की परीक्षेचा कामाशी संबंध दाखवता आला पाहिजे. हेतू चांगला होता एवढं सांगून सुटका नाही.

मुंबईच्या गिरण्या आठवा. विणकाम खात्यात मजुरी जास्त, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होतो, म्हणून अस्पृश्य कामगाराला तिथे प्रवेश नाही. परीक्षा नव्हती, दाखला नव्हता, शेजारच्या मागावरच्या कामगाराचं 'नको' पुरेसं होतं. 1928 च्या संपात हा प्रश्न मागण्यांमध्ये यावा म्हणून बाबासाहेबांना कामगार पुढाऱ्यांशी भांडावं लागलं. म्हणजे दाखला नसला तरी भिंत असते. दाखल्याला सरसकट विरोध करणाऱ्या मित्रांनी एवढं ध्यानात घ्यावं.

म्हणून आम्ही दाखल्याबद्दल बोलताना विचारतो, तो कुणाच्या नावावर? अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ स्टील कन्स्ट्रक्शनचं प्रमाणपत्र कंपनीला मिळतं. कामगार कंपनी सोडतो तेव्हा हात रिकामे. उलट अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचा वेल्डरचा दाखला माणसाच्या नावावर असतो. त्याला शाळेची अट नाही. समोर पट्टी ठेवतात, जोड मारायला सांगतात, मग जोड तपासतात. टिकला तर पास. बाप कोण, कुणी विचारत नाही.

आपल्याकडे शिकाऊ उमेदवार कायदा 1961 चा. 1973 मध्ये त्यात कलम 3अ आलं: मालकाने शिकाऊ जागांमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवायच्या. खासगी मालकानेही. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही असं म्हणत आपण मोर्चे काढतो, आणि हे कलम पन्नास वर्षं कागदावर पडून आहे! पण 2019 च्या नियमांप्रमाणे तीसपेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी शिकाऊ घेणं मालकाच्या मर्जीवर आहे. कैच्या बनवणारी बहुतेक वर्कशॉप दहा-पंधरा माणसांची असतात. आमच्या ओळखीचा एक पोरगा अशाच वर्कशॉपमध्ये नऊ वर्षं वेल्डिंग करतोय. मोठ्या कामावर त्याला गेटवरच 'सर्टिफिकेट आहे का' विचारलं आणि परत पाठवलं. त्या कामावरच्या कैच्या त्यानेच जोडलेल्या होत्या.