जीव पोपटात: ॲनाच्या गोष्टींची गोष्ट

राक्षसाचा जीव लांब कुठेतरी पोपटात लपवलेला असतो, हे तुम्हाला पहिल्यांदा कोणी सांगितलं? मला आज्जीने. नगरला वाड्यात लाईट गेली की तिचे राक्षस सुरू व्हायचे.

मागच्या महिन्यात नगर-पुणे एसटीत मोबाईलवर एक जुनं इंग्रजी पुस्तक उघडलं, 'ओल्ड डेक्कन डेज'. साल 1868, छापलं लंडनला. त्यातल्या पहिल्याच गोष्टीत तो पोपट भेटला आणि मी चाटच पडलो! पंचकिन नावाचा जादूगार. त्याचा जीव जंगलात, ताडांच्या रिंगणात, एकावर एक रचलेल्या सहा घागरींच्या खालच्या पिंजऱ्यात. राजपुत्र पोपटाचा पंख उपटतो आणि इकडे जादूगाराचा हात गळून पडतो. डेंजर आहे ना?

पुढे सूर्याबाई येते. तिला गरुड उचलून नेतात आणि झाडावरच्या घरात वाढवतात. दारात अडकलेलं राक्षसाचं नख टोचतं आणि ती निपचित पडते. आणखी एका गोष्टीत मासा निघतो राजा. पुस्तकभर असलेच अचाट प्राणी.

आता मुद्दा. पुस्तकावर नाव मेरी फ्रिअरचं. तिचे वडील बार्टल फ्रिअर मुंबईचे गव्हर्नर. 1865-66 च्या हिवाळ्यात ते दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर होते. तंबूत मेरीला बोलायला दुसरी बाई नव्हती, होती फक्त आया, ॲना लिबराटा डिसूझा. मेरी म्हणाली, गोष्ट सांग. ॲनाने सांगितल्या त्या तिच्या आजीच्या गोष्टी. मेरी टिपणं काढायची, गोष्ट लिहून झाली की ॲनाला वाचून दाखवायची.

मेरीने एक काम मात्र भारी केलं. ॲनाची स्वतःची जीवनकहाणीही पुस्तकात छापली, जवळपास तिच्याच शब्दांत. त्या काळात एका आयाचं म्हणणं कोण छापणार होतं? त्यात ॲनाची एक तक्रार आहे: पूर्वी म्हातारी माणसं हौसेने गोष्टी सांगायची, आता सगळ्यांना फक्त पैसा कमवायचाय. दीडशे वर्षांपूर्वीची बाई हे बोलतेय, बरं का!

ॲनाची आजी उरली, कारण कोणीतरी लिहून घेतलं. माझ्या आज्जीचे राक्षस कोणीच लिहिले नाहीत. आज्जी गेली आणि मला आठवतात जेमतेम तीन गोष्टी, त्याही अर्धवट.

तुमच्या घरी कोणी गोष्टी सांगणारं असेल तर मोबाईलमधला रेकॉर्डर आजच चालू करा. भेटू पुढच्या भागात.