‘रिपोर्ट यायचाय’: गर्भजल परीक्षेनंतरच्या तीन आठवड्यांचा इतिहास

तुम्ही किंवा तुमच्या घरातल्या कुणी गर्भजल परीक्षेच्या रिपोर्टची वाट पाहिली असेल, तर ते दिवस कसे जातात हे मी सांगायला नको. फोन वाजला की छातीत धस्स होतं आणि नाही वाजला तरी होतं. आजूबाजूचे म्हणतात, ‘अगं, किती काळजी करतेस! चांगलाच विचार कर.’

माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण या वाट पाहण्यावर आहे. चाचणीचा इतिहास लिहिताना शोध कुणी, कधी लावला हे आपण नोंदवतो. सुई टोचल्यापासून कागद हातात पडेपर्यंतचे दिवस मात्र सहसा मोजत नाही. आज ते मोजून बघू. मला सांगायचंय ते एवढंच: ही काळजी बाईच्या हळव्या स्वभावातून आलेली नाही. ती प्रयोगशाळेच्या आणि कायद्याच्या वेळापत्रकातून आलेली आहे.

वेळ नेमका कशाला लागतो?

1956 मध्ये कोपनहेगनच्या फुक्स आणि रीस या डॉक्टरांनी गर्भजलातल्या पेशी पाहून गर्भाचं लिंग सांगता येतं हे दाखवलं. हिमोफिलियासारखे काही आजार मुख्यतः मुलग्यांना होतात, म्हणून ही माहिती महत्त्वाची होती. त्यासाठी पेशी वाढवाव्या लागत नव्हत्या. पण गुणसूत्रं मोजायची तर गोष्ट वेगळी. पेशी विभागत असतानाच गुणसूत्रं सुटी सुटी दिसतात. 1966 मध्ये अमेरिकेत स्टील आणि ब्रेग यांनी गर्भजलातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांची गुणसूत्रं तपासता येतात हे सिद्ध केलं. डाउन सिंड्रोमचं जन्मापूर्वी निदान शक्य झालं ते या वाटेने.

आता अडचण बघा. गर्भजलात जिवंत पेशी थोड्याच असतात. त्या वाढायला दोन-तीन आठवडे लागायचे, कधी त्याहून जास्त. विरजण लावलेलं दही घाई केली म्हणून लागत नाही, तसंच हे. कधी कधी पेशी वाढतच नसत. मग पुन्हा सुई आणि पुन्हा वाट.

चाचणी साधारण 16 व्या आठवड्यात व्हायची, म्हणजे रिपोर्ट 19 व्या किंवा 20 व्या आठवड्यात. पहिलटकरणीला बाळाची हालचालही साधारण 18 ते 20 आठवड्यांच्या सुमारास जाणवू लागते. एकीकडे बाळ आतून हाक मारतंय आणि दुसरीकडे रिपोर्ट अजून यायचाय.

‘अजून नक्की नाही’ असं गरोदरपण

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बार्बरा कॅट्झ रॉथमन यांनी 1986 मध्ये या अवस्थेवर एक पुस्तक लिहिलं आणि तिला नाव दिलं: तात्पुरतं, हातचं राखून जगलेलं गरोदरपण. रिपोर्ट येईपर्यंत बायका बातमी लांबवत होत्या, गरोदरपणाचे कपडे घालायचं टाळत होत्या. चाचणी करून घेतलेल्या काही जणींना बाळाची हालचालही उशिरा जाणवल्याचं त्यांनी नोंदवलं. नंतर मानववंशशास्त्रज्ञ रेना रॅप यांनी न्यूयॉर्कमध्ये वेगवेगळ्या वर्गांतल्या आणि समाजांतल्या बायकांशी बोलून, प्रयोगशाळेतही बसून, 1999 मध्ये पुस्तक लिहिलं. रॅप यांनी स्वतःही या चाचणीचा कठीण निकाल पचवला होता.

हे वाचताना मला आपली चोरओटी आठवली. सुरुवातीच्या महिन्यांत, बातमी बाहेर फुटायच्या आधी, घरातल्या चार बायकांत गुपचूप भरलेली ओटी. गर्भ टिकेल की नाही याची खात्री नसण्याचा काळ आपल्याकडे पूर्वीपासून ओळखीचा होता आणि तो कसा काढायचा याची रीतही होती. फरक असा की चोरओटीत बाई एकटी नसते. गुपित असतं, पण ते वाटून घेतलेलं असतं. तिसऱ्या महिन्यानंतर ही धाकधूक ओसरायची. गर्भजल परीक्षेने ती पाचव्या महिन्यापर्यंत ताणली आणि त्या वाढीव काळासाठी कुठलीच रीत उरली नाही.

आपल्याकडे दुसरं घड्याळ

भारतात 1971 च्या कायद्याने गर्भपाताची मर्यादा 20 आठवडे होती. वरचा हिशेब पुन्हा मांडा: रिपोर्ट 19 व्या आठवड्यात आला, तर निर्णयाला किती दिवस? फार तर आठवडा. पेशी वाढल्या नाहीत, तर तोही नाही. 2008 मध्ये मुंबईतलं एक दांपत्य 24 व्या आठवड्याच्या आसपास कळलेल्या हृदयदोषामुळे मुंबई उच्च न्यायालयात गेलं. परवानगी मिळाली नाही. 2021 च्या दुरुस्तीने काही गटांसाठी मर्यादा 24 आठवडे झाली आणि वैद्यकीय मंडळाने गर्भात गंभीर दोष असल्याचं ठरवलं तर ही मर्यादा लागू होत नाही.

शिवाय हीच चाचणी आपल्याकडे मुली पाडण्यासाठी वापरली गेली. त्याविरुद्ध राज्यांमध्ये पहिला कायदा महाराष्ट्राने केला, 1988 मध्ये. केंद्राचा 1994 मध्ये आला. हे कायदे हवेच होते. पण माझ्या मते त्याचा एक परिणाम असा की ‘गर्भजल परीक्षा’ म्हटलं की समोरच्याच्या भुवया वर जातात. मग खऱ्या कारणासाठी चाचणी केलेली बाईही गप्प राहते.

वाट कमी झाली का?

प्रयत्न झाले. चाचणीच लवकर करावी, तर 1998 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात तसं केल्याने गर्भपात आणि बाळाच्या पावलातला वाकडेपणा वाढल्याचं दिसलं. वारेच्या पेशी घेण्याची पद्धत 1980 च्या दशकात आली. ती पहिल्या तिमाहीतच करता येते. 1990 च्या दशकात ठरावीक गुणसूत्रांचा निकाल दोन-तीन दिवसांत देणाऱ्या पद्धती आल्या. आता आईच्या रक्तातूनही अंदाज मिळतो. पण तो अंदाजच. धोका जास्त निघाला तर खात्रीसाठी सुई लागतेच. म्हणजे एक लांब वाट जाऊन छोट्या छोट्या दोन-तीन वाटा आल्या.

मग करायचं काय?

इतिहासातून औषध मिळत नाही, पण काही प्रश्न मिळतात. ते चाचणीच्या दिवशीच विचारा. ही चाचणी अंदाज देते की निदान? पहिला निकाल कधी, पूर्ण रिपोर्ट कधी? फोनवर सांगणार की बोलावणार? पेशी वाढल्या नाहीत तर पुढे काय? तारीख माहीत असली की निदान रोजचा फोन तरी धसका देत नाही.

आणि या दिवसांत बाळाशी बोलावंसं वाटलं नाही, नाव सुचलं नाही, तर स्वतःला दोष देऊ नका. तुमच्या आधी अनेकींनी असंच हात आखडून दिवस काढले आहेत. घरातल्यांना एक विनंती: ‘चांगलाच विचार कर’ म्हणण्यापेक्षा रिपोर्टच्या दिवशी रजा टाका आणि सोबत जा.

पुढच्या लेखात सोनोग्राफीबद्दल. तुमचे अनुभव सांगावेसे वाटले तर जरूर कळवा.