ठिणगीकडून डिझेलकडे

जुन्या केरोसिन ट्रॅक्टरात इंधन पेटवण्याचे काम मॅग्नेटो करी. त्याला बॅटरी लागत नाही. इंजिनाबरोबर फिरून तो स्वतःच वीज तयार करतो. बॉशचा उच्च विद्युतदाबाचा मॅग्नेटो 1902 मध्ये आला. 1917 च्या फोर्डसनमध्ये मात्र चुंबक फ्लायव्हीलवरच होते आणि प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल. ओल लागली की या कॉइली दगा देत.

खरी कसोटी हँडल मारताना. हाताने इंजिन सावकाश फिरते, ठिणगी क्षीण पडते. इम्पल्स कपलिंगमधली स्प्रिंग मॅग्नेटोला क्षणभर अडवून झटक्याने सोडते. ‘टक्’ असा आवाज येतो, ठिणगी जोरकस पण किंचित उशिरा पडते आणि हँडल उलटे फिरून मनगट मोडण्याचा धोका कमी होतो. थंड इंजिनात केरोसिनची नीट वाफ होत नाही, म्हणून सुरुवात पेट्रोलवर. मॅग्नेटोमधले पॉइंट काळे पडले की ते घासून साफ करायचे, हा नेहमीचा उपचार.

पुण्याचे नाव जोडले गेले ते ठिणगीविना चालणाऱ्या इंजिनाशी. 1946 मध्ये तिथल्या खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. डिझेल इंजिनात दाबलेली हवाच तापून इंधन पेटवते; प्लग, कॉइल, मॅग्नेटो सगळेच बाद. दुखणी मात्र संपली नाहीत, ती पंप आणि नोझलकडे गेली. 1963 मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाचा बी-275 ट्रॅक्टरही डिझेलवरच चालणारा होता.