मुळशीचे पाणी, मुंबईचा उजेड
दिवा वस्तूचा रंग नुसता दाखवितो, ही समजूत मत्स्यालयाच्या काचेपुढे टिकत नाही. साध्या विजेच्या दिव्याच्या पिवळट उजेडात तपकिरी भासणारे प्रवाळ निळ्या प्रकाशात पुष्कळदा हिरवे, नारिंगी झळकते. त्याच्या अंगची द्रव्ये निळा किरण शोषून निराळाच रंग परत करतात. समुद्रात तांबडा किरण वरच्यावर विरतो, निळाच खोल उतरतो. तेव्हा निळ्या दिव्यास खोटा तरी कसे म्हणावे?

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले. त्या शहरास भिरा येथून १९२७ पासून मिळणारी वीज मुळशीच्या पाण्याची. ज्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ पर्यंत सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, त्याच धरणाची. मुंबईकर काचेमागील मासे पाहू लागले, तेव्हा मुळशी पेट्यातील भातखाचरे बुडून पाव शतक होत आले होते.