एफ-५ म्हणजे कॉपी?

सेव्हन-झिप आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे असतं, पण राइट-क्लिक करून 'एक्स्ट्रॅक्ट' म्हणण्यापलीकडे आपण त्याला विचारत नाही. एकदा स्टार्ट मेनूतून ते नुसतंच उघडून बघा. आत अख्खा फाइल मॅनेजर आहे! एफ-९ दाबलं की खिडकीचे दोन भाग होतात. एफ-५ने कॉपी, एफ-६ने फाइल हलवायची, एफ-७ने नवा फोल्डर. विंडोजमध्ये एफ-५ म्हणजे रिफ्रेश ना? मग इथे कॉपी कुठून आली?

आली १९८६ सालच्या नॉर्टन कमांडरमधून. जॉन सोचाने डॉससाठी लिहिलेला, निळ्या पडद्यावर शेजारी शेजारी दोन याद्या दाखवणारा प्रोग्रॅम. रशियात तो प्रचंड चालला. रार फॉरमॅटवाला यूजीन रोशाल रशियन, आणि १९९६ मध्ये त्याच वळणाचा फार मॅनेजरही त्यानेच काढला. सेव्हन-झिपचा इगोर पाव्हलोव्हही रशियनच (१९९९). बोटांना लागलेली सवय, दुसरं काय!

पण न सोडवता गाठोड्यात डोकावता येतं, याचं बरंचसं श्रेय फिल कॅट्झला. त्याच्या पीकेआर्कवर १९८८ मध्ये आर्कवाल्या कंपनीने खटला भरला. तडजोड झाली, आणि १९८९ मध्ये त्याने स्वतःचा झिप फॉरमॅट आणला. वर त्याची रचना सगळ्यांसाठी खुली केली. झिपमध्ये फाइलींची यादी शेवटी असते. ती वाचली की झालं, बाकीचं उलगडायची गरज नाही. (म्हणूनच झिप अनेक फ्लॉपींवर पसरलेली असेल तर आधी शेवटची फ्लॉपी घालावी लागे.) कॅट्झ २००० साली गेला, अवघ्या ३७व्या वर्षी.

सेव्हन-झेडमध्येही यादी पटकन दिसते, पण फाइली सहसा एकत्र दाबलेल्या असतात. त्यामुळे तळातली एक चिमुकली फाइल हवी असली तरी त्या गठ्ठ्यातलं तिच्या आधीचं सगळं उलगडावं लागतं.

आणि एक, जे मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षी शिकलो. आतली फाइल डबल-क्लिक करून उघडली की प्रत्यक्षात उघडते ती टेम्प फोल्डरमधली प्रत. ती सेव्ह करून बंद केलीत की मॅनेजर विचारतो, बदल आत टाकू का? मी रात्रभर प्रोजेक्ट रिपोर्ट दुरुस्त केला, आणि झोपेत आधी मॅनेजरचीच खिडकी बंद केली. विचारणार कोण? सकाळी सरांना मेल केलेल्या झिपमध्ये आदल्या आठवड्याचाच रिपोर्ट होता.