धुरावरचे भूत आणि काचेवरचा राम

शिरूरला घोडनदीच्या काठी भरलेल्या एका जत्रेत ‘भुताचा बंगला’ पाहण्याचा योग आला. काळ्या कापडाच्या तंबूत यंत्राने सोडलेल्या धुक्यावर एक पांढरी आकृती प्रक्षेपित केली जात होती. पुढे उभ्या असलेल्या एका मुलाने धुक्यात हात घातला, तेव्हा भुताचा चेहरा त्याच्या तळहातावर उतरला आणि तंबूत हशा पिकला. धुके हा विलक्षण पडदा आहे. त्याला कड नाही, चौकट नाही. शिवाय जलकणांवरून प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने विखुरत असल्यामुळे धुक्यापलीकडून दिव्याकडे तोंड करून पाहणाऱ्यालाच आकृती अधिक ठळक दिसते.

या खेळाला युरोपात मोठा इतिहास आहे. लाइप्झिगचा श्रेप्फर (मृत्यू १७७४) धुरावर मृतात्मे ‘बोलावीत’ असे. पुढे रॉबर्टसनने १७९८पासून पॅरिसमध्ये, आणि १७९९पासून तेथीलच एका ओसाड कापुचिन मठात, हा प्रयोग पूर्णत्वास नेला. काचेवरील आकृतीभोवतीची जागा काळी रंगविलेली, दिवा चाकांवर बसविलेला आणि पडद्यामागे दडविलेला. त्यामुळे भूत अंधारातून वाढत वाढत अंगावर येई. क्रांतीच्या रक्तपातातून नुकत्याच बाहेर पडलेल्या प्रेक्षकांपुढे हे मृत उभे राहत होते. या प्रयोगाचे नाव ‘फँटॅस्मागोरिया’. टेरी कॅसल यांनी १९८८च्या निबंधात दाखविले आहे, की हा शब्द क्रमाने यंत्राकडून मनाकडे सरकला आणि माणसाच्या डोक्यातच भुतांचा खेळ चालतो असे मानले जाऊ लागले. मार्क्सने क्रयवस्तूचे मोहक रूप सांगताना आणि बेन्यामिनने पॅरिसचे विवेचन करताना तोच शब्द योजिला.

मराठीत ही संज्ञा ‘मायाजाल’ असा पर्याय देऊन वापरता येते. परंतु त्यामुळे एक ऐतिहासिक फरक झाकला जातो, असे मला वाटते. आपल्याकडेही दिवा होता, काच होती, अंधार होता. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२पासून आपल्या मुलांसह ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या दिव्याचे खेळ केले. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे, एकापेक्षा अधिक दिवे वापरून साधलेला हालचालीचा भास आणि सोबत निवेदन, असे त्यांचे स्वरूप होते. विषय मुख्यतः रामायणादी पौराणिक कथांचे. नाव मात्र शंबरासुराच्या मायेवरून घेतलेले! शांबरी म्हणजे असुराची माया. आणि त्या असुरी नावाच्या दिव्यातून प्रकटणार राम.

रॉबर्टसनच्या खेळात दिवा लपविणे हाच कळीचा मुद्दा होता. खरोलिकेला तशी गरज नव्हती. निवेदक कथा सांगत आहे, चित्रे बदलत आहेत, आणि कथा तर आधीपासूनच ठाऊक आहे: ही स्थिती कीर्तनाच्या श्रोत्याची, भयचकित साक्षीदाराची नव्हे. शंकुकाचा चित्रतुरगन्याय येथे आठवतो. चित्रातल्या घोड्याची प्रतीती सत्य, मिथ्या, संशय वा सादृश्य यांपैकी कोणतीच नसते. तो घोडा म्हणून ग्रहण केला जातो, इतकेच. नटाविषयी सांगितलेला हा न्याय काचेवरच्या रामालाही नेमका लागू पडतो. फसण्याला या आस्वादात स्थान नाही, आणि म्हणूनच भ्रमनिरासालाही नाही.

कदाचित यामुळेच ‘खरोलिका’ हा शब्द आपल्या समीक्षेत कधी रूपक झाला नाही. यंत्र मागे पडले तसा तोही मागे पडला. एखाद्या साहित्यकृतीने झपाटले, तर आपण तिचे ‘गारूड’ म्हणतो. हे रूपक विष उतरविणाऱ्या गरुडमंत्राचे आणि दिवसाउजेडी चौकात खेळ मांडणाऱ्या गारुड्याचे आहे. त्याला अंधार लागत नाही.

दोन्ही धागे एकत्र आले ते दादासाहेब फाळके यांच्याकडे. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) करणारे फाळके त्याआधी आपले आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून जादूचे प्रयोग करीत असत. त्यांच्या हातची युक्ती पडद्यावर देवांच्या चमत्कारांसाठी राबली. भुते उठविण्यासाठी तिचा उपयोग करण्याचे त्यांना विशेष प्रयोजन पडले नाही.